प्लास्टरकाकांचा सहावा आठवडा

"पाय अजिबात हलवू नका. आणि मला एवढंच सांगा, राहायचं वर की खाली?"

टेबलावर आडव्या पडलेल्या माणसाला आधी वाटलं, आपल्या पायाबद्दलच काहीतरी विचारताहेत. परवा बर्फावरून घसरताना त्याचा डावा पाय घोट्याच्या जरा वर मोडला होता, आणि आता प्लास्टरकाका कोमट पाण्याच्या बादलीत पट्टीची गुंडाळी बुडवून, हलकेच पिळून, त्याच्या नडगीभोवती फेऱ्यावर फेरे देत होते. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की हा गृहस्थ हॉटेलबद्दल विचारतोय. तो म्हणाला, वरच राहा, डोंगरावर, सकाळी दार उघडलं की उतार पायाशी. काकांनी मान डोलावली, हात धुतले, खिशातून पट्टीच्या वेष्टनाचा एक कागद काढला आणि त्यावर लिहिलं, "वर". त्या कागदावर आधीच चार ओळी होत्या. त्यातल्या दोन ओळींत "खाली" असं लिहिलेलं होतं.

मग त्यांनी जाड पेनाने ओल्या प्लास्टरवर तारीख घातली आणि तिच्याशेजारी गोलात सहाचा आकडा काढला. म्हणजे सहा आठवड्यांनी कापायचं. या खोलीत मोजायची पद्धत ठरलेली होती. प्लास्टर घातलं तो दिवस शून्य, तो हिशेबात धरायचा नाही. सहा म्हणजे सहा पूर्ण, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. हाड काही पंचांग बघून जुळत नाही, असं काका नव्या नर्सबाईंना बजावायचे. बावीस वर्षांत त्यांचा एक दिवस चुकला नव्हता.

हाडांच्या त्या दवाखान्यात हाड जागेवर बसवायचं काम डॉक्टरांचं, आणि त्यापुढचं सगळं काकांचं. दर हिवाळ्यात बर्फावर हौसेने गेलेली माणसं त्यांच्या टेबलावर यायची. कुणाचं मनगट, कुणाचा गुडघा. आणि गंमत अशी की वेदनेने कळवळत असतानाही ही माणसं त्या डोंगराचं कौतुक सांगायची. काकांनी स्वतः तो डोंगर कधी पाहिला नव्हता. त्यांचा सगळा बर्फ ऐकीव.

मग याच वर्षी त्यांच्या मनाने का घेतलं? त्याचं कारण त्यांची थोरली मुलगी. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. परीक्षा झाली की ती शिकायला दुसऱ्या शहरात जाणार होती, चार-पाच वर्षांसाठी. आणि एकदा गेलेलं लेकरू घरी येतं ते पाहुण्यासारखं, हे काका टेबलावरच्या आईबापांकडून रोज ऐकत होते. म्हणजे शाळेची सुट्टी लागली आणि चौघं मिळून कुठेतरी गेलो, असं आता एकदाच व्हायचं होतं. तेवढं एकदा त्यांना हवं होतं. हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

घरी जेवताना त्यांनी विषय काढला. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती, डोळ्यांवर आणि आकड्यांवर तिचा भरवसा. ती म्हणाली, आपल्या खिशाला झेपत असेल तर जाऊ. सात वर्षांची धाकटी खुर्चीवर उभी राहून तिथल्या तिथे घसरायला लागली. थोरलीने मात्र पुस्तकातून मान वर न काढता सांगितलं की मला नको, मला अभ्यास आहे, तुम्ही तिघं जाऊन या. काकांनी ते काही मनावर घेतलं नाही. तिचा नन्नाचा पाडा रोजचाच होता, आणि नको नको म्हणत ती शेवटी सगळ्यात पुढे असायची. सतरा वर्षांच्या मुलीचं पहिलं "नको" कुणी मोजतं का?

इथपर्यंत सगळं सरळ होतं. त्यानंतर मात्र काकांचं डोकं जे गरगरायला लागलं ते थांबेना. जो येईल तो वेगळं सांगे. एक म्हणे, बूट विकत घ्या, भाड्याचे बूट पाय सोलून काढतात. दुसरा म्हणे, विकत घेतलेत तर दोन वर्षांनी त्यात झाडं लावाल. एक बाई म्हणाल्या, आठवडाभर शिकवणी लावा, शिकवणीशिवाय पाऊल टाकू नका. त्यांच्या यजमानांनी बाहेरून सांगितलं की शिकवणी लावली होती म्हणूनच ही पडली. कुणी सांगे हेल्मेट हवंच, कुणी सांगे गॉगल हवाच, आणि एकाने तर निम्मं प्लास्टर होईपर्यंत फक्त मोज्यांवर व्याख्यान दिलं. काकांच्या खिशातले कागद वाढत चालले. रात्री ते जेवणाच्या टेबलावर मांडायचे, "वर" एकीकडे, "खाली" एकीकडे, आणि दोन्ही ढीग सारखेच निघायचे.

"अहो, ज्यांनी पाय मोडून घेतले त्यांनाच विचारताय तुम्ही," बायको म्हणाली. "जे धड परत आले त्यांना विचारा की."

"जे धड परत येतात ते माझ्याकडे कशाला येतील?" काकांनी विचारलं.

एका गोष्टीवर मात्र सगळ्या मोडक्यांचं एकमत होतं. शाळेच्या सुट्टीत तिथे जाऊ नका, भाव दुप्पट असतो. पण काकांना जायचं होतं ते सुट्टीतच, नाहीतर थोरली कशी येणार? भिंतीवर शाळेचं पत्रक टाचलेलं होतं. त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, नव्या सत्राचा सहावा आठवडा सुट्टीचा. काकांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं आणि लाल पेनाने एका आठवड्याभोवती गोल काढला. तारखांचं खातं या घरात त्यांचंच होतं, तेव्हा कुणी पुन्हा मोजायचा प्रश्नच नव्हता. नेमक्या तारखा पत्रकाच्या मागच्या बाजूला छापल्या होत्या, पण टाचलेला कागद काढून उलटतो कोण?

त्या गोलातल्या आठवड्यासाठी त्यांनी पाच-सहा ठिकाणी फोन लावले. एका छोट्या लॉजवाल्या बाईंनी जो दर सांगितला तो ऐकून काकांचा कानांवर विश्वास बसेना. चार खाटांची खोली, सकाळचं खाणं, नवशिक्यांची शिकवणी, आणि पैसे सगळे सांगतात त्याच्या निम्मे. काकांनी त्याच दिवशी पूर्ण पैसे भरले. परत मिळणार नाहीत असं बाईंनी दोनदा सांगितलं, यांनी दोनदा "हो हो" केलं. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात त्यांची कॉलर ताठ. सुट्टीत आणि निम्म्या दरात! टेबलावरची माणसं म्हणायची, शक्यच नाही. काका गालात हसायचे. त्यांना वाटायचं, आपण शोधलं म्हणून सापडलं.

लॉजकडून एक फॉर्म आला. भाड्याच्या बुटांसाठी प्रत्येकाच्या पायाचं माप हवं होतं. काकांनी बायकोला विचारलं. धाकटीला कागदावर उभं करून पेन्सिलीने पाऊल आखलं, त्यात गुदगुल्या झाल्या म्हणून तीनदा आखावं लागलं. मुलींच्या मावशीने आपले लोकरीचे बूट बायकोसाठी देऊ केले होते, ते बसतील की नाही बघायला तिलाही फोन करून तिच्या पायाचं माप विचारलं. मावशीला ऐकू कमी येतं, त्यामुळे ते अख्ख्या घराला ऐकू गेलं. चौथा आकडा काकांनी कुणालाही न विचारता भरला आणि फॉर्म पाठवून दिला.

त्याच संध्याकाळी पुढच्या खोलीत तालीम झाली. खुर्च्या भिंतीला लावल्या, तिघं मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभी राहिली. गुडघे वाकवा, पुढची बोटं आत, टाचा बाहेर, थांबायचं असेल तर असंच, हे एका मोडलेल्या खांद्याने शिकवलं होतं. बायकोला ते लगेच जमलं. काका दोनदा आपटले. थोरली पुस्तक घेऊन त्यांच्यामधून वाट काढत गेली आणि तिने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. आपटून लावलं असतं तर काकांना काळजी वाटली नसती, पण तिने ते फार हळू लावलं. तिला काय झालंय, त्यांनी बायकोला विचारलं. बायको म्हणाली, परीक्षा. काकांना ते पटलंही आणि पटलं नाहीही. त्यानंतर ते रोज बुचकळ्यात पडत राहिले. बर्फाचा विषय निघाला की ती उठून जायची. हेल्मेट कुठल्या रंगाचं हवं विचारलं तर "कुठलंही" म्हणायची, आणि ते असं म्हणायची की पुढे विचारायची सोय नाही.

मग एका गुरुवारी त्यांच्या खोलीत मुलींच्या शाळेतल्या गणिताच्या बाई आल्या. सत्राच्या पहिल्याच दिवशी बाई शाळेच्या जिन्यावर पाय मुरगळून पडल्या होत्या आणि काकांनीच त्यांना प्लास्टर घातलं होतं. कड टोचते म्हणून दाखवायला आल्या होत्या. काकांनी कड कातरून मऊ कापूस भरला. बाई म्हणाल्या, बरं झालं, आता सोमवारी कापायलाच येते.

"सोमवारी नाही, बाई. त्याच्या पुढच्या सोमवारी," काका म्हणाले. "सहा लिहिलंय ना. सोमवारी पाच पूर्ण होतात."

"पण सोमवारी सहावा आठवडा सुरू होतो," बाई म्हणाल्या. "म्हणून तर म्हटलं. शाळेला सुट्टी आहे, मला बरं पडेल."

काकांच्या हातात कात्री तशीच राहिली. त्यांनी बाईंना सावकाश विचारलं, सुट्टी या सोमवारपासून की पुढच्या? बाई म्हणाल्या, या. त्यांनी पुन्हा विचारलं. बाई गणिताच्याच, त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. पहिला आठवडा तो पहिलाच, शून्यावा आठवडा कुठल्याच शाळेत नसतो. काकांनी प्लास्टरवरच्या तारखेकडे पाहिलं, स्वतःच्या हाताने लिहिलेली. सत्र सुरू झालं तो दिवस त्यांनी शून्य धरला होता. शाळेच्या सुट्टीलाही त्यांनी प्लास्टरच घातलं होतं.

मग दर निम्मा का, तेही कळलं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी लॉजवाल्या बाईंना फोन केला. बाई चांगल्या होत्या, पण त्यांचा इलाज नव्हता. सुट्टीच्या आठवड्यात एक खाटही रिकामी नव्हती. पैसे परत नाहीत, हवं तर खोली दुसऱ्या कुणाला द्या. फोन ठेवल्यावर काकांना एकदम आठवलं की थोरलीची प्रॅक्टिकल परीक्षा सुट्टी संपल्या संपल्या होती, ती स्वतःच म्हणाली होती. म्हणजे नेमकी त्या लाल गोलात. एवढा आटापिटा जिच्यासाठी केला तिच्याशिवायच जायचं, किंवा कुणीच जायचं नाही. त्या दुपारी त्यांनी तीन प्लास्टरं घातली आणि तिन्ही वेळा तारीख लिहिताना दोनदा मोजली.

घरी येऊन त्यांनी आधी बायकोला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला आणि ती म्हणाली, मला काय सांगताय, तिला सांगा. काका थोरलीच्या खोलीत गेले आणि पलंगाच्या कडेवर बसले. तारखा चुकल्या, माझ्याकडून, असं त्यांनी सरळच सांगून टाकलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तुम्ही गोल काढलात तेव्हापासून. त्या आठवड्यात माझी प्रॅक्टिकल आहे."

"मग बोलली का नाहीस?"

तिने पेन्सिल बोटांत फिरवली. "मला वाटलं तुम्ही मुद्दाम घेतलाय तो आठवडा. स्वस्त पडतो म्हणून. धाकटीची शाळा बुडली तर काय बिघडतं? आणि मीच म्हटलं होतं ना, तुम्ही तिघं जा."

"अगं, चार खाटांची खोली घेतली मी."

"चौथी मावशीसाठी वाटली." तिचा आवाज बारीक झाला. "आईला पायाचं माप विचारलंत. धाकटीचं कागदावर काढलंत. मावशीला फोन केलात. मला विचारलंच नाहीत."

इतके दिवस हे पोर काय घेऊन बसलं होतं, ते काकांना आत्ता कळत होतं, आणि त्यांना स्वतःचा इतका राग आला की पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून जवळजवळ रागावल्यासारखंच आलं.

"तुझं कशाला विचारू? अडतीस. डाव्या पायाचा अंगठा जरासा लांब, म्हणून डावा बूट आधी घालून बघायचा. पाच वर्षांची होतीस तेव्हा तो पाय मोडला होता. प्लास्टर मी घातलं, मीच कापलं. तुझ्या पायाचं माप मी तुला विचारायचं?"

थोरलीने मान खाली घातली आणि वहीवर रेघोट्या ओढायला लागली. काकांना आणखी पुष्कळ बोलायचं होतं. तू जाणार म्हणून हे सगळं, हे एक वाक्य तरी बोलायचं होतं. पण त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. तिनेही काढायला लावला नाही.

लॉजची खोली एक्स-रे काढणाऱ्या पोराला दिली. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, चार खाटा बघून तो म्हणाला, दोन पुरतील. काकांची रजा मंजूर होती ती चुकीच्या आठवड्यात. सुट्टीच्या आठवड्यात मोठ्या मिनतवारीने बुधवारचा एक दिवस बदलून मिळाला. एका दिवसात काय होतं? त्यांनी सगळे कागद पुन्हा टेबलावर पसरले. "वर" आणि "खाली" यांच्या ढिगांबाहेर एकच कागद होता. मनगट मोडलेल्या एका म्हाताऱ्या पोस्टमनने सांगितलं होतं, नवशिक्यांना आठवडा हवाच कशाला, शहराबाहेर बसने दीड तासावर एक टेकडी आहे, दोरीला धरून वर जायचं आणि घसरत खाली यायचं, पडायला एक दिवस पुरतो. बायकोने विचारलं, हे कुठे पडले होते? काका म्हणाले, घरी, न्हाणीघरात.

"मग हाच एक धड माणूस," ती म्हणाली.

बुधवारी चौघं पहिल्या बसने निघाली. टेकडी म्हणजे खरोखरच टेकडी होती. बर्फ मध्ये पांढरा आणि कडेला मळकट, खालून गवत डोकावत होतं. भाड्याच्या खिडकीतल्या माणसाने मापं विचारली तेव्हा काकांनी बाकी कुणाचं सांगायच्या आधी "अडतीस" सांगितलं. बूट हातात घेऊन त्यांनी उलटसुलट करून पाहिला, कडक, गुडघ्याखाली पोचणारा, घोटा न हलू देणारा. "हे तर प्लास्टरच आहे," ते म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा थोरली मोठ्याने हसली.

दुपारपर्यंत धाकटी चौदा वेळा पडली आणि प्रत्येक वेळी तिने आकडा ओरडून सांगितला. बायको फरशीवर शिकलेलं विसरली नव्हती, ती हळू पण ताठ यायची. काकांना मात्र धड उभं राहता येईना, कारण आजूबाजूला जो पडेल त्याचं हाड त्यांना दिसायचं. हा मनगटावर पडला, तो गुडघ्यावर. शेवटी त्यांनी स्की काढून ठेवल्या आणि ते उताराच्या पायथ्याशी उभे राहिले. थोरली एकटीच दोरीला धरून अगदी टोकाशी गेली होती. वरून ती निघाली तेव्हा ते बघत होते. ती सरळ त्यांच्याच दिशेने येत होती, वेग वाढत होता, आणि काकांनी नकळत दोन्ही हात पुढे केले. तिने गुडघे वाकवले, बोटं आत, टाचा बाहेर, आणि ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"मला थांबता येतं, बाबा," ती म्हणाली.

काकांनी हात खाली घेतले.

परतीच्या बसच्या आधी ती बाकावर बसली आणि तिने पाय पुढे केला. बुटाचे चाप थंडीने घट्ट बसले होते, तिच्या बोटांना उघडेनात. काका बर्फात गुडघे टेकून बसले. एक-एक चाप सोडवला, कवच दोन्ही बाजूंनी जरा फाकवलं, डावी टाच तळहातावर तोलून धरली आणि पाय हळूच बाहेर घेतला, बावीस वर्षं प्लास्टरमधून घेत आले होते तसा. मोज्यातून वाफ निघत होती.

"बाबा, मला जायला किती दिवस उरलेत?" तिने विचारलं. "तुम्ही मोजले असणार."

"एकशे नव्वद," काका म्हणाले. त्यांना आठवावं लागलं नाही.

तिने मनाशी हिशेब केला. ओठ हलत होते. "एकशे एकोणनव्वद होतात. तुम्ही तर आजचा धरत नाही ना?"

काकांनी तिचा पाय आपल्या मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी चोळून गरम करायला लागले.

"आजचा धरला," ते म्हणाले.